रिपोर्टमधला 'पॉझिटिव्ह' शब्द आणि पाच वर्षांची गोळी



कोरोनाच्या दिवसांपासून 'पॉझिटिव्ह' या शब्दाची आपल्या घराघरांत धास्ती बसली आहे. पॉझिटिव्ह म्हणजे आजार, निगेटिव्ह म्हणजे सुटका, एवढा हिशेब लहान मुलांनाही पाठ झाला. पण स्तनाच्या कॅन्सरचा एक रिपोर्ट असा असतो की त्याला हा हिशेब लावला तर अर्थ उलटा लागतो, आणि त्या उलट्या अर्थापायी बाईच्या जिवाचे नुकसान होऊ शकते. या महिन्यात आम्ही त्या रिपोर्टबद्दल लिहीत आहोत.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील एका मुलाची अम्मी मधल्या सुट्टीत फाईल घेऊन आली. तिच्या स्तनातील गाठीचे ऑपरेशन झाले होते. रिपोर्ट इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही. तिने विचारले, "टीचर, दोन-दोन जागी पॉझिटिव्ह लिहिलंय. कॅन्सर दोन जागी पसरला का?" रिपोर्टमध्ये तीन ओळी होत्या: ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे तिला तिच्या डॉक्टरांकडेच परत पाठवले. पण या तीन ओळींत कॅन्सर पसरल्याचे काहीही लिहिलेले नाही, एवढे तिला तिथेच सांगितले. मूर्तिजापूरसारख्या गावात अशा फाईली शिक्षकांकडे, मेडिकलवाल्याकडे, मोहल्ल्यातल्या चार बुकं शिकलेल्या माणसाकडे येतच असतात. म्हणून त्या तीन ओळी काय सांगतात ते घरातल्या कोणाला तरी कळलेले बरे.

पुस्तक तेच, धडा वेगळा

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचे तेच एक पुस्तक असते. डोळ्यातल्या पेशीजवळ जे पुस्तक, तेच यकृतातल्या पेशीजवळ. तरीही डोळा डोळ्याचे काम करतो आणि यकृत यकृताचे. याचे कारण असे की प्रत्येक पेशी त्या पुस्तकातले आपल्या कामाचे धडेच उघडते. धडा उघडून वाचला की त्याप्रमाणे एक प्रथिन, म्हणजे प्रोटीन, तयार होते. केसाच्या मुळाशी असलेली पेशी केराटिनचा धडा वाचते, रक्त तयार करणारी पेशी हिमोग्लोबिनचा. कोणत्या पेशीत कोणते प्रथिन किती बनते, यालाच शास्त्रज्ञ प्रथिनाची अभिव्यक्ती म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे.

स्तनाच्या काही पेशी एका खास प्रथिनाचा धडा वाचतात. त्या प्रथिनाला हार्मोन रिसेप्टर म्हणतात. त्याचे काम समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एक उर्दूत लिहिलेले पत्र गावातल्या प्रत्येक घरी वाटले. ज्या घरात उर्दू वाचणारा आहे तिथेच पत्राप्रमाणे काम होईल. बाकीच्या घरांत पत्र पोहोचूनही काही घडणार नाही. हार्मोन हे असेच पत्र आहे. अंडाशयातून निघालेले इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. पण त्याचा हुकूम त्याच पेशी पाळतात, ज्यांच्यात ते पत्र वाचणारा रिसेप्टर असतो. मुलगी वयात येते, पाळी सुरू होते, गरोदरपणी स्तनात बदल होतात, या सगळ्यामागे हेच पत्र आणि हेच वाचणारे असतात.

स्तनाच्या पेशीचा कॅन्सर झाला तरी पुष्कळदा तिच्यातला हा वाचणारा शिल्लक राहतो. मग रोजचे इस्ट्रोजेन त्या बिघडलेल्या पेशीलाही 'वाढ, दोनाच्या चार हो' असाच हुकूम देत राहते. अशा गाठीला ईआर पॉझिटिव्ह म्हणतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा. पॉझिटिव्हचा अर्थ इतकाच की या गाठीत पत्र वाचणारा सापडला. आणि वाचणारा सापडला, तर त्याचे काम बंद पाडणारे औषधही उपलब्ध आहे. म्हणून इथे पॉझिटिव्ह हा दिलाशाचा शब्द आहे.

हे कळायला साठ-सत्तर वर्षे लागली

१८९६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जनने एक नवल जाहीर केले. हाताबाहेर गेलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याने बाईचे अंडाशय काढून टाकले आणि गाठ मागे हटली. तेव्हा इस्ट्रोजेनचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पुढे दिसून आले की असे केल्याने काही बायकांना फायदा होतो आणि काहींना मुळीच होत नाही. कोणाला होईल हे आधी सांगता येत नव्हते. कितीतरी बायकांचे अंडाशय उगाच काढले गेले असतील.

याचे उत्तर १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांना सापडले. त्यांनी किरणोत्सर्गाची खूण लावलेले इस्ट्रोजेन मादी उंदरांना टोचले आणि ते शरीरात कुठे जाऊन थांबते ते पाहिले. ते गर्भाशयासारख्या मोजक्या अवयवांतच धरून ठेवले जात होते. धरून ठेवणारे ते प्रथिन म्हणजेच रिसेप्टर. त्यानंतर गाठीत हे प्रथिन आहे की नाही ते तपासायची पद्धत आली, आणि हार्मोनचा इलाज कोणाला लागू पडेल ते आधीच सांगता येऊ लागले.

औषधाची गोष्ट तर आणखी वेगळी. इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीत १९६२ साली डोरा रिचर्डसन या महिला रसायनशास्त्रज्ञाने एक संयुग तयार केले. कंपनीला हवी होती गर्भ राहू न देणारी गोळी. ते काम काही त्या संयुगाने बायकांमध्ये केले नाही. मात्र मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर ते देऊन पाहिले, आणि १९७१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते औषध म्हणजे टॅमॉक्सिफेन. ही गोळी त्या पत्र वाचणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसते. इस्ट्रोजेन दारापर्यंत येते, पण जागा अडलेली असते, म्हणून स्तनाच्या पेशीत हुकूम पोहोचत नाही.

आज टॅमॉक्सिफेन आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कॅन्सरच्या औषधांत इतके स्वस्त औषध क्वचितच सापडेल. जगभरातील वीस अभ्यासांतील २१ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून २०११ साली हिशेब मांडण्यात आला. ईआर पॉझिटिव्ह बायकांनी पाच वर्षे ही गोळी घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांच्या गाठीत रिसेप्टर नव्हता, त्यांना मात्र या गोळीचा फायदा जवळजवळ झालाच नाही. म्हणजे गोळी तीच, पण तिचा गुण रिपोर्टच्या एका ओळीवर अवलंबून आहे.

ती ओळ खरी कशी ठरते

आमच्या मते या सगळ्यात आपल्यासारख्या लहान गावांतील लोकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यायची जागा हीच आहे.

गाठीचा तुकडा काढला की तो फॉर्मॅलिन नावाच्या द्रवात ठेवतात. त्यामुळे पेशी सडत नाहीत आणि प्रथिने जागच्या जागी टिकतात. मग तो तुकडा मेणात बसवून त्याचा लहानसा ठोकळा करतात. त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ काप काढून काचेवर लावतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने इतकी घट्ट बांधली जातात की ती नीट ओळखू येत नाहीत, म्हणून काचेवरचे काप विशिष्ट द्रावणात ठेवून तापवतात. यासाठी कित्येक प्रयोगशाळांत साधा प्रेशर कुकर वापरतात! त्यानंतर रिसेप्टरलाच जाऊन चिकटेल अशी अँटीबॉडी टाकतात आणि रंग देतात. जिथे रिसेप्टर असेल तिथे पेशीचे केंद्र तपकिरी दिसते. शंभरातल्या किती पेशी तपकिरी झाल्या ते पॅथॉलॉजिस्ट मोजतात. एक टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. या तपासणीला आयएचसी म्हणतात. काही रिपोर्टवर ऑलरेड स्कोर म्हणून शून्य ते आठपर्यंत आकडा असतो. त्याचा अर्थही हाच, किती पेशी रंगल्या आणि किती गडद रंगल्या.

आता पाहा, तुकडा काढल्यावर तासभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहा पट तरी असायला हवे. आपल्याकडे पुष्कळदा बाटली नातेवाइकांच्याच हातात देतात आणि "अकोल्याला लॅबमध्ये पोहोचवा" म्हणून सांगतात. मूर्तिजापूरहून अकोला पस्तीस-चाळीस किलोमीटर. बसची वाट पाहण्यात, घरी जाऊन येण्यात दुपार होते. बाटलीत फॉर्मॅलिन पुरेसे असेल तर हरकत नाही. पण तुकडा नुसत्या सलाईनमध्ये किंवा कोरड्या डबीत असेल, आणि वऱ्हाडातला मे महिना असेल, तर प्रथिने खराब होतात. मग गाठीत रिसेप्टर असूनही रंग चढत नाही आणि रिपोर्ट येतो निगेटिव्ह. घरचे म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह, निगेटिव्ह आला." आणि त्या बाईला जी स्वस्तातली गोळी मिळायला हवी होती, ती कधीच मिळत नाही. हे नुकसान कोणाला दिसतही नाही.

ही भीती आम्ही उगाच घालत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तपासलेल्या ७९८ गाठींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ईआर पॉझिटिव्ह गाठी सुमारे एक तृतीयांशच निघाल्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण शंभरात सत्तर-ऐंशीपर्यंत सांगितले जाते. आपल्याकडे रुग्ण बायकांचे वय कमी असते, हे त्याचे एक खरे कारण आहे. तरुण वयातल्या गाठींत रिसेप्टर कमी आढळतात. पण त्याच रुग्णालयातील तज्ज्ञांनी १९९९ ते २००६ या वर्षांतील हजारो गाठींचा हिशेब २००९ साली मांडला, तेव्हा हार्मोन रिसेप्टर असलेल्या गाठींचे प्रमाण ५२ ते ५७ टक्के निघाले. इतक्या थोड्या वर्षांत आपल्या बायकांची शरीरे काही बदलत नाहीत. तुकडा कसा ठेवला, काप कसे तापवले, मोजणी कशी केली, यानेही रिपोर्ट बदलतो. देशातल्या सर्वांत मोठ्या कॅन्सर रुग्णालयाने ज्या गोष्टीकडे इतके बारीक लक्ष दिले, तिची चौकशी आपण आपल्या गावात करायला काय हरकत आहे?

डॉक्टरांना दोन प्रश्न अदबीने विचारा. "तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवला ना?" आणि "ईआर, पीआर, हर-टूची तपासणी सांगितली ना?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. शक्यतो ऑपरेशनच्या आधी जाड सुईने तुकडा काढून तपासणी होते का तेही विचारा. तिला कोअर बायोप्सी म्हणतात. बारीक सुईच्या तपासणीत थोड्या सुट्या पेशीच मिळतात, जाड सुईने तुकडा मिळतो आणि रिसेप्टरची तपासणी नीट होते. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो असे बायका एकमेकींना सांगतात. त्या समजुतीपायी बायोप्सी टाळू नका.

आणि ब्लॉक! तो मेणाचा ठोकळा म्हणजे तुमची अमानत आहे. काचा आणि ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात आणि मागितल्यावर मिळतात. नागपूरला किंवा मुंबईला दाखवायला जाताना ते सोबत न्या. रिपोर्टबद्दल शंका असेल तर त्याच ब्लॉकवरून दुसऱ्या लॅबमध्ये फेरतपासणी होते. पुन्हा कापाकापी करावी लागत नाही.

तिसरी ओळ: हर-टू

हर-टू हे पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरचे प्रथिन आहे. काही गाठींत ते फाजील प्रमाणात तयार होते आणि गाठ झपाट्याने वाढते. रिपोर्टमध्ये शून्य, एक प्लस, दोन प्लस किंवा तीन प्लस असे लिहितात. शून्य आणि एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. दोन प्लस आले तर नक्की सांगता येत नाही, मग फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. ती तपासणी महाग आहे म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. असे अर्धवट थांबू नका. हर-टूवर ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत ते १९९८ साली मंजूर झाले. सुरुवातीला त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. २०१३ साली बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीच्या त्याच धर्तीवरील औषधाला भारतात मंजुरी मिळाली, पुढे आणखी कंपन्या आल्या आणि भाव खाली आले.

तिन्ही ओळी निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्या देशात अशा गाठी पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतात. त्यांना हार्मोनची गोळी लागू पडत नाही, हे खरे. म्हणून इलाज नाही असे मात्र नाही. केमोचा परिणाम अशा गाठींवर चांगला होतो. वेळेवर सुरू करून पूर्ण केली तर बायका बऱ्या होतात. इथे उशीर मात्र फार महागात पडतो.

पाच वर्षे रोज एक गोळी

आता गोळीकडे येऊ. ऑपरेशन झाले, केमो झाली, डोक्यावर केस परत आले, बाई पुन्हा भाकरी थापू लागली. शेवटी राहते रोजची एक लहानशी गोळी. पाळी चालू असलेल्या बायकांना सहसा टॅमॉक्सिफेन देतात. पाळी कायमची गेलेल्यांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनॅस्ट्रोझोल देतात. पाळी गेल्यावर अंडाशयाचे काम थांबते, तरी शरीरातली चरबी थोडे इस्ट्रोजेन बनवतच राहते. लेट्रोझोल ते बनणेच बंद करते. आमच्या उदाहरणात सांगायचे तर टॅमॉक्सिफेन वाचणाऱ्याची जागा अडवते आणि लेट्रोझोल पत्र लिहिणाऱ्याची लेखणी काढून घेते.

गोळी किमान पाच वर्षे घ्यायची असते, काहींना डॉक्टर दहा वर्षेही सांगतात. आणि पुष्कळ बायका ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सोडून देतात. कधी गोळ्या संपल्या आणि आणायला कोणी गेले नाही. कधी अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, सांधे दुखतात, चिडचिड होते. कधी सासू म्हणते, "आता तर चांगली आहेस, कशाला गरम औषधे खातेस?" बाई स्वतःही विचार करते की मुलाच्या फीचे पैसे आधी. पण ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरचा स्वभाव सबुरीचा आहे. तो दहा, पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो. तुम्हाला बरे वाटते ते त्या गोळीमुळेही असेल. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील किंवा त्रासावर काही सुचवतील. मनाने बंद करू नका. घरच्या पुरुषांना आमची विनंती आहे की महिन्याच्या किराण्याच्या यादीत ही गोळी सगळ्यात वर लिहा. बाईने मागण्याची वाट पाहू नका.

काही गोष्टी लक्षात असू द्या. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेलेल्या बाईच्या अंगावर रक्त गेले, किंवा एका पायाच्या पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, किंवा एकाएकी दम लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. असे क्वचित होते, पण लपवू नये. ही गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नये, आणि त्यासाठी हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या न घेता कॉपर-टी किंवा निरोधसारखा उपाय डॉक्टरांना विचारून करावा. दुसऱ्या आजाराची, मानसिक ताणाची औषधे चालू असतील तर तीही सांगावीत. काही औषधे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात.

रमजान, उमरा आणि पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या

आमच्या भगिनींना नेहमी पडणारे दोन प्रश्न इथेच घेतो. पहिला रोजाचा. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल दिवसातून एकदा घ्यायची गोळी आहे. रमजानमध्ये ती सेहरीला किंवा इफ्तारनंतर रोज ठरलेल्या वेळी घेता येते. रोजासाठी गोळी सोडायचे कारण नाही. केमो चालू असेल किंवा अशक्तपणा असेल तर गोष्ट निराळी. दीनने आजारी माणसाला सवलत दिली आहे, ती नाकारून जीव धोक्यात घालू नये. डॉक्टरांना विचारा, आपल्या आलिमांना विचारा.

दुसरा प्रश्न बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत. रमजानचे रोजे पूर्ण व्हावेत, हज-उमऱ्याच्या दिवसांत पाळी येऊ नये, म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या आणून घेतल्या जातात. जाऊबाईने घेतल्या, नणंदेने घेतल्या, म्हणून हीदेखील घेते. त्या गोळ्या म्हणजे हार्मोनच असतात. जिला हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर झाला आहे, तिने त्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही घेऊ नयेत. ताकदीच्या नावाने मिळणाऱ्या अनोळखी पुड्या आणि काढे यांनाही हेच लागू आहे. उमऱ्याला जाणाऱ्या काफिल्यात कोणी अशी बहीण असेल तर तिला ही गोष्ट आधीच सांगा.

लाज, मुलीचे लग्न आणि मुंबईचा रस्ता

रिपोर्ट कितीही चांगला असला तरी गाठ वेळेवर दाखवली तरच त्याचा उपयोग. आपल्याकडे बाई गाठ वर्ष-वर्ष ओढणीखाली झाकून ठेवते. एक कारण शरम, दुसरे मुलीच्या लग्नाची काळजी. "आईला कॅन्सर" असे कळले तर स्थळ परत जाईल अशी भीती असते. तर हे ऐका. शंभरातल्या पाच-दहा जणींचाच स्तनाचा कॅन्सर घराण्यातून आलेला असतो, बाकीच्यांचा तसा नसतो. तो स्पर्शाने पसरत नाही. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे मुलीलाही होणार, असा अर्थ मुळीच नाही. घराण्यात दोघी-तिघींना झाला असेल, किंवा अगदी तरुण वयात झाला असेल, तर मात्र मुलींबद्दल डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. आणि पुरुषांनाही हा आजार क्वचित होतो, त्यांच्या गाठी बहुधा हार्मोन पॉझिटिव्हच असतात. तेव्हा पुरुषांनीही छातीतली गाठ हसण्यावारी नेऊ नये.

शरमेवर उपाय आहे. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधून ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार बायकांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. ना मशीन, ना पुरुष डॉक्टर. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. एका बाईने दुसऱ्या बाईला हाताने तपासण्यात कसली आली बेपर्दगी? सरकारी दवाखान्यातील नर्सबाईंना, महिला डॉक्टरला वर्षातून एकदा दाखवा.

पैशांचे म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि शेक यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, मुंबईला परळचे टाटा आहे. मुंबईत राहायचे कुठे, ही काळजी मोठी असते. ज्या गाडगेबाबांचे बालपण आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यात मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले, त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. टाटामध्ये इलाजाला आलेल्या रुग्णांची आणि नातेवाइकांची तिथे अल्प खर्चात सोय होते, आणि धर्म, जात विचारली जात नाही. आपल्या मातीतल्या माणसाचे हे काम आहे, तिथे जायला संकोच करू नये.

शेवटी, एक वही घाला. पहिल्या पानावर बाईचे नाव, वय आणि ऑपरेशनची तारीख. खाली तीन ओळी: ईआर किती टक्के, पीआर किती टक्के, हर-टू किती. त्याखाली ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर. दुसऱ्या पानावर गोळीचे नाव, सुरू केल्याची तारीख आणि पाच वर्षांनी येणारी तारीख. पुढे महिन्यांची घरे आखून दर महिन्याला गोळ्या आणल्या की खूण करा. सातवी-आठवीतले मूल हे काम सहज करते, आणि आईसाठी करायला त्याला आनंदच वाटतो. ती वही कपाटात कुलपात न ठेवता घरातल्या दोघा-तिघांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा.

अल्लाह सर्व आजारी भगिनींना पूर्ण शिफा देवो आणि त्यांच्या घरच्यांना सब्र व हिंमत देवो. आमीन.